बत्तीस घासांचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्यांनी पुष्पे गुंफली ती सर्व मंडळी व्यासंगी होती. मी आपल्या सोलापुरातील चाटी गल्लीत बसणारा, कापड मोजणारा माणूस. १९८२ साली बी. कॉम. झालो आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी हातात मीटरपट्टी दिली. ती अद्याप सुटलेली नाही. संयोजकांनी जेव्हा ‘प्रौढ वयातील आहार’ हा विषय मला दिला, तेव्हा मी नम्रपणे सुचविले की या विषयावर एखाद्या डॉक्टरांस पाचारण करावे. त्यावर आमचे चिटणीस म्हणाले, “डॉक्टर काय खाऊ नये ते सांगतील. तुम्ही काय खाल्लेत ते सांगा.” तेव्हा आज मी जे सांगणार आहे तो माझ्या स्वतःच्या ताटाचा जमाखर्च आहे. त्यात काही रकमा अशा आहेत की ज्या मी आजवर कोणत्याही खात्यावर दाखविलेल्या नाहीत.

कापडवाल्याला स्वतःचे शरीर वाढलेले सर्वांच्या आधी समजावयास हवे. तसे होत नाही. १९८५ साली माझे लग्न झाले तेव्हा छत्तीस पन्ह्याच्या कापडाचा पूर्ण बाहीचा शर्ट माझ्या अंगाला सव्वादोन मीटरमध्ये होत असे. पंचेचाळिशीला आमचा शिंपी पावणेतीन मीटर मागू लागला. मी त्याला म्हणालो, “हे कापड आटणारे दिसते.” तो सज्जन गृहस्थ, वर्षानुवर्षे आमच्या दुकानाचे काम करणारा. म्हणाला, “शेठ, कापड आटलेलं नाही.” पुढे काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

२००८ साली याच ट्रस्टने याच सभागृहात आरोग्य तपासणी शिबिर भरविले होते. मी त्याच्या संयोजकांपैकी एक. लोक सुईला बिचकत होते, म्हणून त्यांना धीर यावा यासाठी पहिला हात मी पुढे केला. उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. निरोगी माणसाची ती शंभराच्या आत असते आणि १२६ किंवा त्यापुढे गेली की मधुमेह धरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी कमरेला टेप लावली, बेचाळीस इंच. आपल्या भागातील पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास, ही मर्यादा सांगितलेली आहे. वय तेव्हा सत्तेचाळीस. तो कागद मी चौघडी करून गादीवरच्या गल्ल्याच्या तळाशी ठेवला आणि तीन वर्षे तो तेथेच राहिला.

मनात प्रश्न एकच होता, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. आपल्या घरात मद्य नाही, मांस नाही, कंदमूळ नाही. मग हा रोग आला कोठून? २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून साडेतेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तो अंदाज आहे. या एवढ्या गर्दीत शाकाहारी माणसे थोडी नाहीत. आपण आयुष्यभर ताटात काय येऊ द्यायचे नाही याचा विचार केला. जे येते त्याचा हिशेब मात्र ठेवला नाही. माझाच ठेवून पाहू. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला चहा विचारावा लागतो आणि त्याच्याबरोबर आपणही घ्यावा लागतो. दिवसाचे आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ८० ग्रॅम आणि महिन्याला सुमारे अडीच किलो साखर केवळ व्यवहाराच्या शिष्टाचारापायी पोटात जात होती. शिवाय चारच्या सुमारास शेव किंवा खारी, कोणाच्या घरी काही मंगल झाले की आलेला पेढ्यांचा पुडा, आणि रात्री दुकान बंद करून दहा वाजता घरी आल्यावर पोळ्या, भात, तूप आणि झोप. यातील एकही पदार्थ अभक्ष्य नाही. पण दहा वाजताचे ते जेवण? रात्रिभोजनाचा त्याग आमच्या घरात आईच्या पिढीपर्यंत होता. दुकान वाढले आणि तो नियम आम्ही गुपचूप बुडीत खाती टाकला.

मग मी उपाय सुरू केले. त्यांची हकिगत थोडक्यात आटोपतो, कारण आपल्यापैकी निम्म्यांनी त्यातले काही ना काही केलेलेच आहे. पुण्याहून एक छापील आहारतक्ता आणला. त्यात सकाळी ओट, दुपारी गाजर-बिटाची कोशिंबीर आणि सायंकाळी मोड आलेली कडधान्ये दह्यात कालवून. गाजर आणि बीट कंदमूळ, आणि ती शेवटची वाटी आमच्या मातोश्रींपुढे ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या, “अंकुर आणि द्विदल एकाच वाटीत! बाळ, हा तक्ता करणाऱ्यानं दोन दोष एकाच वेळी साधलेत.” तो तक्ता अकरा दिवस टिकला. नंतर डब्यातील भुकटी दुधात ढवळून पिण्याचा प्रकार झाला; त्याने वजन चार किलो उतरले आणि दिवाळीत पाच किलो वाढले. भात सोडला, पोळी सोडली, पुन्हा दोन्ही धरले. प्रत्येक वेळी सोडताना मी घरातील सर्वांवर चिडत असे आणि धरताना स्वतःवर.

आता ती गोष्ट, जी सांगावी की न सांगावी याचा मी या व्याख्यानाआधी पुष्कळ विचार केला.

२०११ चे दशलक्षण पर्व. पंचमी, अष्टमी आणि चतुर्दशीला उपवास व बाकीच्या दिवशी एकाशन, असा माझा अनेक वर्षांचा नेम होता. मंदिराच्या दाराशी तप करणाऱ्यांच्या नावांचा फलक लागतो, त्यात माझे नाव वरच्या दोन-तीन ओळींत असे, आणि खोटे कशाला बोलू, पर्वाच्या पहिल्या दिवशी मी तो फलक थांबून वाचत असे. मधुमेहाची गोळी तोवर सुरू झाली होती. रोग मी लोकांपासून लपविला होता, उपवास डॉक्टरांपासून लपविला होता, आणि सकाळची गोळी व्रतापासून लपवून, घोटभर पाण्याबरोबर, स्नानगृहात घेत होतो. एकाशनाच्या दिवशी पाणीसुद्धा एकदाच, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या वर्षी एका एकाशनाच्या दिवशी पूजा लांबली. साडेअकराच्या सुमारास हातातील अर्घ्याची थाळी थरथरू लागली, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि पुढचे मला आठवते ते हे की मी मंदिराच्या फरशीवर आडवा आहे आणि आपल्याच समाजातील एक तरुण डॉक्टर माझ्या जिभेवर साखर ठेवीत आहेत. काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन पोट रिकामे ठेवले तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. ज्याची साखर वाढलेली, त्याला भर मंदिरात चमच्याने साखर भरवावी लागली. उपवासही खरा नव्हता आणि पथ्यही खरे नव्हते.

सायंकाळी आई माझ्या खाटेशी येऊन बसली. माझी आई १९५५ साली दहा वर्षांची होती. त्या वर्षी कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली, तेव्हा वडीलधाऱ्यांबरोबर ती दर्शनाला गेलेली. ते दृश्य तिच्या बोलण्यात आयुष्यभर येई. मला वाटले, आता तपाची महती ऐकावी लागणार. तिने एवढेच विचारले, “बाळ, तू उपवास करत होतास की फलक भरत होतास?” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या आजीनं उपवास फारसे केले नाहीत. तिला सोसत नव्हते. पण रोज भूक शिल्लक ठेवून उठायची ती. तिचं नाव कुठं लागलं नाही.”

बंधू-भगिनींनो, आपल्या तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत पहिले अनशन आणि लगेच दुसरे अवमौदर्य, ज्याला आपण बोलीत ऊनोदर म्हणतो: पोट थोडे उणे ठेवणे. पहिल्याचा आपण उत्सव करतो, मिरवणूक काढतो. दुसऱ्याची मिरवणूक काढता येत नाही, कारण अर्धी भाकरी कमी खाल्ली हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मी पन्नास वर्षे जैन होतो आणि हे दुसरे तप माझ्याकडून एकदाही घडलेले नव्हते. उपवासाच्या दुसऱ्या दिवशीच्या पारण्याला मी काय खात असे ते सांगत नाही. लोक ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात तेव्हा आपण हसतो, पण आपल्या पारण्याची म्हण अजून कोणी केली नाही एवढेच.

मूलाचार या ग्रंथात पुरुषाचा स्वाभाविक आहार बत्तीस घास असे प्रमाण दिलेले आहे. त्यातून एक घास कमी केला तरी ऊनोदर सुरू होते. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूसाठी मोकळा, हा विचारही आपल्या आचारग्रंथांत आहे आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही आहे. हे सारे मुनींच्या आचारासंबंधी आहे, मी कोठे आणि ते कोठे, हे मी जाणतो. पण मी हिशेबाचा माणूस. ‘कमी खा’ म्हटले तर माझ्या डोक्यात काही शिरत नाही, ‘बत्तीस’ म्हटले की शिरते. डॉक्टरांना सर्व खरे सांगून, गोळ्या त्यांच्याकडून ठरवून घेऊन, मी एका दुपारी घास मोजावयास बसलो.

तिसऱ्या पोळीवर बत्तीस संपले. भात अजून वाढायचाच होता. हात धुतला तेव्हा आकडा एकाहत्तर होता आणि लागलेला वेळ नऊ मिनिटे. मी काही सोडावयाचे नाही असे ठरविले होते, केवळ मोजावयाचे. मोजायचे म्हटले की बोलता येत नाही, फोन घेता येत नाही, रोजमेळ उघडून बसता येत नाही. भोजनसमयी मौन हे श्रावकाला सांगितलेलेच आहे. मला ते मोजणीमुळे आपोआप लागले. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचण्यास वीसेक मिनिटे लागतात असे डॉक्टर सांगतात. माझे जेवण नऊ मिनिटांत उरकत असल्याने ती वर्दी येईपर्यंत मी दुकानाच्या पायऱ्या चढत असे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी आमच्या सौभाग्यवतींना विचारले, “आज आमटीत काय घातले आहे?” त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. म्हणाल्या, “कोकम. नेहमीच घालते.” आणि मग, “अहो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत.” आमच्या घरी शेंगाची चटणी लसणाविना, जिरे आणि लाल मिरची घालून कुटतात. ती आईने कुटलेली कोणती आणि सौंनी कुटलेली कोणती, हे मला तोवर कळत नसे. आईची किंचित भरड असे. आई २०१९ साली गेली. ती चव ओळखायला मी शिकलो ते तिच्या शेवटच्या आठ वर्षांत. आधीची पन्नास वर्षे मी तीच चटणी खात होतो.

एकाहत्तराचे पन्नास होण्यास दीड महिना लागला. आज मी छत्तीस ते चाळीस या दरम्यान असतो. बत्तीसपर्यंत मी अजून पोचलेलो नाही, आणि लेकीच्या सासरी गेलो की मोजणी बंद ठेवतो, हेही नमूद करतो.

दुसरा बदल सायंकाळच्या जेवणाचा. तो अवघड होता, कारण कापडाच्या दुकानाची खरी वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण डिसेंबरात सहाच्या आतच. म्हणजे जेवण साडेपाचला उरकले पाहिजे. माझे चिरंजीव म्हणाले, “बाबा, गिऱ्हाईक गादीवर मालक नाही म्हणून परत जाईल.” दुकानाच्या मागच्या बाजूला, ताग्यांच्या फळ्यांपाशी, मी पाट मांडला. साडेपाचला घरून डबा येतो. वीस-पंचवीस मिनिटे कोणी हाक मारायची नाही. तीन महिन्यांनी मी मागच्या वर्षाचा रोजमेळ काढून त्याच महिन्यांची विक्री ताडून पाहिली. फरक पडलेला नव्हता. गिऱ्हाईक माझ्यासाठी येत नव्हते, कापडासाठी येत होते. हा शोध थोडा बोचला खरा. दिवाळीच्या पंधरवड्यात मात्र हा नियम मोडतो. पूर्वी एकदा नियम मोडला की मी सगळेच सोडून देत असे. आता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट मांडतो.

रात्री उशिरा घेतलेल्या त्याच अन्नाने रक्तातील साखर अधिक चढते, हे आता शरीरांतर्गत घड्याळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात. त्या घड्याळाच्या यंत्रणेवरील संशोधनाला २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. अशा वेळी व्यासपीठावरून ‘आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. मी ते म्हणणार नाही. पूर्वजांनी रात्रिभोजन वर्ज्य केले ते अंधारात जीवहिंसा घडू नये म्हणून. मूळ व्यवहार अहिंसेचा आहे. प्रकृतीला जो लाभ झाला तो वर मिळालेला वटाव समजावा.

तिसरी गोष्ट आजीकडून आली. तिचा वारांचा नेम होता: रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप नाही, शनिवारी तेल नाही. रसपरित्याग हे चौथे बाह्य तप. आजीने ते सात दिवसांत वाटून घेतले होते. आम्ही सर्व वार धरले नाहीत. सूनबाई म्हणाल्या, मीठ आणि तेल धरू. शनिवारी बिनतेलाचे काय करायचे म्हणून घरात आठवडाभर चर्चा होई; आता मुगाची आमटी, दुधी भोपळ्याची वाफवलेली भाजी आणि भाकरी असे ठरून गेले आहे आणि नातू त्या दिवशी शेंगा भाजून मागतो. एका शनिवारने काय होते? मलाही तसेच वाटले होते. पण त्या निमित्ताने तेलाकडे लक्ष गेले आणि मी डब्याच्या झाकणावर तारीख लिहू लागलो. सहा माणसांच्या घरात पंधरा किलोचा शेंगतेलाचा डबा पंचेचाळीस दिवसांत संपत होता. भागाकार केला तर माणशी रोज ५५ ग्रॅमच्या वर. आज तोच डबा ऐंशी दिवस जातो, म्हणजे माणशी सुमारे ३१ ग्रॅम. कोणालाही तेल कमी घालण्याचा हुकूम मी दिला नाही. तारीख लिहीत गेलो, एवढेच.

भाकरीबद्दल बोललो नाही तर मी सोलापूरकर कसला? आमच्या घरात सुबत्ता आली तशी ज्वारी गेली आणि गहू आला. भाकरी ही गड्यांची, पोळी ही शेठची. आपल्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मालदांडीचे नाव राज्यभर घेतात, आणि २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रसंघाने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी मोठ्या शहरांतून ज्वारीची बिस्किटे रंगीत पुड्यांत येऊ लागली. आमच्या चाटी गल्लीतील हमाल ती भाकरी कधी सोडून गेलेच नव्हते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात. मला स्वतःला पटलेले कारण वेगळे आहे. मऊ पोळी गिळता येते, भाकरी चावावी लागते. आणि आपली कडक भाकरी तर घाई करूच देत नाही.

परिणामाचे आकडे आपण विचारणारच, म्हणून सांगतो. पावणेदोन वर्षांत वजन नऊ किलो उतरले आणि गेली दहा वर्षे एक-दोन किलोच्या आत वरखाली होत आहे. कंबर अडतीसवर आली. साडेपस्तीस अद्याप दूर आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ होती, ती पावणेसातच्या आसपास असते. गोळ्या दोनाची एक झाली, बंद झाली नाही आणि मी बंद करण्याचा आग्रहही धरला नाही. ज्यांना चमत्कार ऐकावयाचा होता त्यांची मी निराशा केली असेल.

यात एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ऊनोदर म्हणजे उपासमार नव्हे. साठीनंतर शरीरातील स्नायू झिजत जातात. ताळेबंदात यंत्रांवर घसारा धरतात तसा तो दरसाल होतो. त्यामुळे वय झाले म्हणून केवळ चहा आणि दोन बिस्किटांवर राहणारे आपले काही ज्येष्ठ करतात ते तप नाही. डाळ, दूध, शेंगदाणे यांतून प्रथिने पोटात जायला हवीत. आपल्यासारख्यांत ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, माझ्यात होती. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. मंदिराच्या फरशीवर पडून शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो विश्वस्त मंडळाला कदाचित आवडणार नाही. हा ट्रस्ट १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी स्थापन झाला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि त्या दिवशीच्या पंगतीत मी मीठ वाढले होते. वरण, भात, तूप, एक भाजी, पुरी आणि बुंदी. पंगत बसलेली, वाढणारा समोरून येणारा, नको असेल तर हात आडवा करता येणारा. गेल्या मोसमात आपल्या समाजातील एका विवाहात मी ताट हातात घेऊन पदार्थ मोजले, शेचाळीस झाले. उभ्याने खाणाऱ्या त्या गर्दीत मला एकदम आठवण झाली की आपले मुनिराजही उभ्यानेच आहार घेतात. पण दिवसातून एकदा, स्वतःच्या ओंजळीत, प्रत्येक घास डोळ्यांनी शोधून, आणि घासात केस जरी आढळला तरी अंतराय मानून त्या दिवसापुरते थांबतात. चौक्यात आहार देताना आपण ते सर्वजण श्वास रोखून पाहतो. मग घरी येऊन आपापले ताट दूरदर्शनसमोर मांडतो.

पर्वानंतरच्या सामुदायिक पारण्यात दहा दिवस ताणलेल्या पोटांवर आपण तळलेले आणि पाकातले वाढतो. गेल्या वर्षी मी सभेत मांडले की आधी मुगाचे पाणी आणि मऊ भात द्यावा, गोड एकच ठेवावे, आणि दीर्घ उपवासाला बसणाऱ्यांची पर्वाआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यावर माझे एक स्नेही म्हणाले, “लोक म्हणतील, पन्नाशीला ट्रस्ट चिकट झाला.” ठराव बारगळला. तपासणीचा भाग तरी स्वीकारावा, अशी या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी पुन्हा विनंती आहे. तिचा खर्च पारण्यातील एका मिठाईपेक्षा कमी येईल. तो मी काढून आणला आहे आणि कागद चिटणीसांकडे दिला आहे. फलकाबद्दल मी काही सुचवीत नाही. २०१२ पासून माझे नाव त्यावर लावू नये एवढे मी सांगितले होते, आणि कार्यालयाने ते आजवर पाळले याबद्दल आभार मानतो.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत. आज सूर्यास्त सहाच्या आत आहे, आणि भोजनशाळेत पाट मांडलेले मला येथून दिसत आहेत. भाकरी आहे, मुगाची आमटी आहे, आणि मघाशी डोकावलो तेव्हा जिलेबीही तळत होती. ती मी एक घेणार आहे. खाताना कोणी माझ्याशी बोलू नये.

जय जिनेंद्र.